डाळिंबीच्या बारा लडी

काका : मी एवढंच म्हणतोय, ती वेबसाइट आजच्या आज काढून टाक. चहा मागाहून घे.

पुतणी : काका, दोन तास बसमध्ये उभी राहून आलेय. फोनवर म्हणालात, दुकानाचं काम आहे, निघून ये. ते काम हे?

काका : हेच. लावलीस तू, उतरवायचीही तूच.

पुतणी : कारण तरी सांगाल? गेल्या महिन्यात शेजारच्या घड्याळवाल्याला ओढून आणून दाखवत होतात, म्हणे आमची लोकर आता लोकांना घरबसल्या दिसते.

काका : तेव्हा दाखवली. आता नाही दाखवायची.

काकू : ते नाही सांगायचे. मी सांगते.

काका : तू जरा गप्प बस.

काकू : तीस वर्षं बसलेच आहे की. ऐक गं. एका शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाईंची मागणी आली. त्यांच्या गाणाऱ्या मुलांत सहा जण नवे आलेत, त्यांच्या मफलरींना डाळिंबी लोकर हवी, बारा लडी. खाली लिहिलंय, ‘रंग फोटोत दिसतो तसाच द्यावा.’ झालं. हे लड हातात धरून संगणकापुढे ठाण मांडून बसले. लड डाळिंबी आणि फोटो जांभळट. फळीवर बारा लडी तयार होत्या, त्या उचलल्या आणि पुन्हा रंगाच्या हंड्यात. निळ्याचा हात देत, फोटोशी ताडून ताडून, चांगल्या जांभळ्या करून ठेवल्या.

पुतणी : काका, तुम्ही फोटो बघून लोकर रंगवलीत?

काका : गिऱ्हाईक लिहितंय फोटोत दिसतो तसा. मग काय माझ्या स्वप्नात दिसतो तसा देऊ?

पुतणी : अहो, पण फोटो त्याच लोकरीचा काढला होता ना मी.

काका : म्हणून तर.

पुतणी : म्हणून तर काय?

काका : काही नाही. काढून टाक म्हटलं ना.

काकू : पुढचंही मीच सांगते, यांचा घसा आज बसलाय. लडी वाळल्यावर मी माझ्या फोनवर तोच फोटो उघडला, तर लालभडक, पिकल्या टोमॅटोसारखा. यांना दाखवला. यांनी उठून संगणकावर त्या दुसऱ्या चिन्हातून उघडून पाहिला, तर मळकट, धुऊन धुऊन विटलेला. तेव्हापासून पानातलं अर्धं पानातच राहतंय. आणि काल म्हणतात, नवी मागणी घेऊ नकोस, हंडे कुणाला तरी देऊन टाकू.

पुतणी : हंडे द्यायचे? काका, हे काय नवीन?

काका : रंगाऱ्याचे डोळे गेल्यावर हंडे ठेवून काय करू, त्यात आंघोळ?

पुतणी : डोळे?

काका : फोटो एकच. मला तो तीन ठिकाणी तीन रंगांचा दिसतो. मग बिघाड कुणात आला? बघणाऱ्यात. मला उगाच समजावू नकोस. इतकी वर्षं डाळिंबी म्हणून लोकांच्या गळ्यात काय मारलं, देव जाणे. माझ्याकडून चुकीचा रंग जाण्याआधी मीच हात धुतलेले बरे.

पुतणी : काकू, तुला संगणकावर काय दिसलं होतं?

काकू : जांभळट.

पुतणी : आणि फोनवर?

काकू : सांगितलं की, टोमॅटो.

पुतणी : मग काका, तुम्हा दोघांचे डोळे एकाच दिवशी, एकाच मापाने गेले म्हणायचे.

काका : ती मला बरं वाटावं म्हणून बोलते.

काकू : तीस वर्षांत तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी एक तरी वाक्य बोलले आहे का? आठवून सांगा.

काका : तेही खरं.

पुतणी : इकडे या, बसा. मॉनिटरवर हे कोरं पान उघडलं. शेजारी हा कोरा कागद धरला. काय दिसतं?

काका : कागद पांढरा आहे. पान निळसर मारतंय.

पुतणी : मॉनिटर म्हातारा झालाय. पांढऱ्यालाच निळं करणारा लालाला जांभळं केल्याशिवाय राहील का? आणि काकूचा फोन उलट्या स्वभावाचा. फोनच्या दुकानात मांडला की उठून दिसावा म्हणून सगळेच रंग वाढवून दाखवतो.

काका : मानलं. पण तो विटका रंग? मॉनिटर तोच होता, चिन्ह तेवढं दुसरं.

पुतणी : ती चूक माझी. कॅमेरा फोटोबरोबर एक चिठ्ठी जोडतो, यातले रंग कोणत्या मापाने वाचायचे त्याची. तुमच्या रंगाच्या पुडीत असते ना, इतक्या पाण्याला इतका रंग, तशीच. ती दोन चिन्हं म्हणजे दोन ब्राउझर. नवा ब्राउझर चिठ्ठी वाचतो. जुना वाचतच नाही, आपल्याला ठाऊक असलेलं एकच माप लावतो.

काका : म्हणजे पुडी फोडून मूठभर टाकणारा.

पुतणी : तसाच. माझा कॅमेरा मोठ्या मापावर होता. वेबसाइटवर चढवण्याआधी तो फोटो सगळ्यांना ठाऊक असलेल्या साध्या मापात बदलायला हवा होता. घाई केली. आता बदलते, म्हणजे दोन्ही ब्राउझरांत सारखा दिसेल. पण कुणाच्या घरी कसला मॉनिटर आहे, त्याला मी काही करू शकत नाही.

काकू : चंद्र एकच, पण अंगणात शंभर घागरी भरून ठेवल्या की शंभर चंद्र. कुठल्या घागरीचं पाणी गढूळ, कुठलं हिरवं. म्हणून चंद्र मळला असं कुणी म्हणत नाही. आमच्या यांनी मात्र शिडी लावून चंद्राला साबण लावला.

काका : झालं का तुझं?

काकू : बारा लडींचा साबण.

पुतणी : काकू, पुरे. त्या बाईंचा नंबर दे. त्यांनी कुठल्या घागरीत पाहिलं, ते विचारते.

(पुतणी दाराबाहेर जाऊन फोनवर बोलते आणि हसत परत येते.)

काका : रागावल्या असतील.

पुतणी : हसत होत्या. शाळेतल्या संगणकावर त्यांना तो तपकिरी दिसला म्हणे. पण त्या फोटोवर गेल्याच नाहीत, नावावर गेल्या. मागच्या वर्षी अठरा मफलरींची लोकर त्यांनी इथूनच नेली होती, स्वतः दुकानात येऊन. नवी सहा मुलं रांगेत वेगळी उठून दिसू नयेत, एवढंच त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मग फोटोचं का लिहिलंत? तर म्हणाल्या, कुठेही काही मागवताना मी ते वाक्य लिहितेच, सवय आहे.

काका : सवय. आणि मी तीन दिवस हंड्यावर उभा.

पुतणी : जुन्या मफलरीचा धागा त्या उद्या पाकिटातून पाठवताहेत. त्याच्याशी ताडून द्या म्हणाल्या. आठवडाभर थांबतील.

काकू : पांढरी लोकर आहे घरात. जांभळीचा मी यांना स्वेटर विणते. घालून मॉनिटरपुढे बसतील.

काका : थट्टा राहू दे. ताडायला डोळे लागतात. मॉनिटर निळा, फोन भडक, सगळं पटलं. पण त्यानं माझे डोळे शाबूत आहेत हे कुठं ठरलं? त्या पोरांच्या रांगेत सहा जण जरासे वेगळे दिसले, तर ते कुणामुळे?

काकू : ठरवून टाकू. ती पेटी आण गं, वानगीची. यांची रीत आहे, डाळिंबीचा हंडा उतरला की एक लड बाजूला काढायची, साल लिहून. लडींना बांधलेल्या सालाच्या चिठ्ठ्या मुठीत धर, यांना दिसू देऊ नकोस. आणि अहो, तुम्ही उत्तरेच्या खिडकीशी या. लावा बघू क्रमानं.

काका : पोरखेळ आहे.

काकू : मग खेळा.

काका : दे इकडे. हं. ही सगळ्यांत जुनी. तेव्हा पाणी विहिरीचं होतं, रंग खोल बसायचा. ही तिच्या पुढची. ही नळाच्या पाण्याची पहिली, बघ, तोंडावरचं तेज जरा उतरलंय. या दोघी सख्ख्या बहिणी, एकाच हिवाळ्यातल्या. ही मागच्या वर्षीची, बाईंनी नेली ती. बरोबर आहे का?

पुतणी : आतापर्यंत एकही चुकली नाही. मला तर सगळ्या सारख्याच दिसताहेत.

काका : सारख्या कशा दिसतील? तू चिठ्ठी बघ आणि गप्प राहा. ही त्याच्या आदली. आणि ही... ही माझी नाही.

पुतणी : काका, पेटी तुमची, चिठ्ठीवर अक्षर तुमचंच आहे. सहा वर्षांपूर्वीचं साल आहे.

काका : साल असेल. हात माझा नाही. मी लाल चढवून मग उकळी मंद करतो. हिला आधीपासून मंद आच आहे.

पुतणी : काकू, तू का हसतेस?

काकू : त्या साली हे पंधरा दिवस तापानं अंथरुणात होते. मागणी अडली होती. मीच लावला हंडा. कळलं तर जिवाला लावून घेतील म्हणून वानगीही ठेवली आणि अक्षरही यांच्यासारखं काढलं.

काका : उठलो त्याच दिवशी कळलं होतं.

काकू : काय सांगता? सहा वर्षं झाली. कधी एका शब्दानं बोलला नाहीत.

काका : माझ्याहून सरस उतरली होती. कुठल्या तोंडानं बोलू?