भाला, कुरकुर आणि मागचं गेट

"मीटिंगमध्ये गप्प बसशील, तर तुझा होकार धरतील," असं आई म्हणाली होती, तेव्हा शलाकानं ते हसण्यावारी नेलं होतं. डॉक्टर अन्नपूर्णांच्या दवाखान्यात बाळाला थोपटत ती नंबरची वाट बघत होती. शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं.

"जुन्या जर्मन टोळ्यांच्या सभेत लोक भाले घेऊन यायचे, रमा. पटलं तर भाले वाजवायचे, नाही पटलं तर कुरकुर करायचे."

"रिटायर झालात, पण इतिहासाचा तास काही संपत नाही! गल्लीच्या मीटिंगमध्ये हेच सांगत बसलात, तेवढ्यात मागचं गेट बंद करायचा ठराव पास."

"अरे यार, कोणी कुरकुर केलीच नाही ना!"

"भाला तरी कोणी वाजवला, सरजी?"

"सगळे गप्प होते, म्हणून हो धरलं."

"वत्सलाताईपण गप्पच होत्या. एकट्या राहतात, मागच्या गेटाला लागूनच. काठी टेकत आल्या होत्या."

"मग काठी आपटायची की!"

"विचारलं कोणी त्यांना? आता दुधासाठी पूर्ण चक्कर मारावी लागते. परवापासून दिसल्याच नाहीत."

आजोबा एकदम उभे राहिले.

"काय झालं?"

"चल, ऊठ. बीपी उद्या दाखवू."

दोघं निघून गेली. शलाकाचं तुमच्याकडे एकच मागणं आहे: तुमच्या मीटिंगला असं कोणी गप्प बसलं असेल, तर आज त्यांची बेल वाजवून याल का?