ब्लॉक कोणी निवडला

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आमचे उस्ताद, तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, आणि गॅरेजमधल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

उस्तादांच्या चाळीस वर्षांबद्दल आधीचे वक्ते बोलले. मी या गॅरेजची इंजिनियर. मी एकाच दुपारबद्दल बोलेन.

ड्रॅग रेसच्या गाडीसाठी इंजिनाचा ब्लॉक निवडायचा होता. नियम सोपा. ब्लॉक कंपनीचा मूळचा हवा, त्यावरचा क्रमांक शाबूत हवा, सिलिंडर एक मिलिमीटरपेक्षा जास्त मोठे केलेले नकोत. नियमात बसणारे दोन ब्लॉक टेबलावर होते. एक जड, हात न लागलेला. दुसऱ्याचे सिलिंडर मर्यादेपर्यंत वाढवलेले, म्हणून ताकद जास्त, पण भिंती पातळ. त्याच्या भिंतींची जाडी मी मोजली, प्रत्येक सिलिंडरला चार ठिकाणी. जाडी पुरेशी भरली. उस्तादांनी नेहमीप्रमाणे हातोडीने टकटक केलं आणि कान लावला.

"पोरी, याचा आवाज बसलाय. जड घेऊ."

"उस्ताद, नियमपुस्तकात आवाजाचं कलम नाही."

सगळे हसले. गाडी चालवणारा त्यांचा मुलगा तर म्हणाला, "बाबा, तुमच्या कानाला आता निवृत्ती द्या!"

उस्तादही हसले आणि बाजूला झाले. त्यांच्यासारख्या माणसाने माझं का ऐकावं? माझ्याकडे आकडे होते म्हणून.

तिसऱ्या शर्यतीत ब्लॉक फुटला. तेल मागच्या चाकांखाली गेलं, गाडी कठड्यावर आदळली. मुलगा घरी परतला नाही.

फुटलेली जागा मी नंतर मोजली. मी मोजलेल्या दोन ठिकाणांच्या बरोबर मधे, भिंत जेमतेम दीड मिलिमीटर. आठ ठिकाणी मोजलं असतं तर सापडली असती.

चौकशीच्या कागदावर एक रकाना होता : ब्लॉक कोणी निवडला? मी पेन उघडलं. उस्तादांनी कागद ओढून घेतला. "तुझं अक्षर वाईट आहे, मी लिहितो," म्हणाले, आणि स्वतःचं नाव लिहिलं. मी गप्प राहिले. त्या दिवसापासून त्यांच्याबरोबर घरचा डबा येत नाही, हेही मी दोन वर्षं गप्प राहूनच पाहिलं.

काकू, ब्लॉक मी निवडला. ते नको म्हणाले होते.

आयोजकांनी बोलू दिलं, त्यांची आभारी आहे. भाषणात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. बाकीचं पोटात घाला, असं मी काकूंना म्हणणार नाही. उस्तादांच्या शेजारची खुर्ची मात्र मघापासून रिकामी आहे, एवढंच सांगते.