शेवटचं कोण?

...मग काय, अंडी नाहीत म्हणून नातीचा पंधरावा वाढदिवस सोळाव्या वर्षी करायचा? अहो, पंधरावा म्हणजे आपल्याकडे निम्मं लग्नच, आणि तो अंड्या-दुधाच्या गोड फ्लानशिवाय? तुम्हाला सांगतो, अख्ख्या हवानात अंड्यांचा भाव सकाळी एक, दुपारी खडूने पुसून दुसरा, संध्याकाळी भाव आहे पण अंडीच नाहीत! आमची मिर्ता म्हणाली, "एउसेबिओ, आज हात हलवत आलास तर..." पुढचं बोललीच नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ते न बोललेलंच मला जास्त कळतं.

अंड्यांच्या रांगेसाठी इथे आलो. आता आपल्या रांगा उभ्या थोड्याच असतात, उन्हात मरायचंय का? सगळे झाडाखाली पसरलेले. विचारलं, "शेवटचं कोण?" एका आजींनी बोट वर केलं. बसलो त्यांच्यामागे. चार तास! आजींच्या दोन्ही जावयांची लफडी तोंडपाठ झाली, आजी आत गेल्या, गाल धरून बाहेर आल्या, तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडेना... अंडी घेऊन कुणी गाल धरतं का हो? मग दारातून पांढऱ्या कोटातली बाई विचारते, "चला काका, कुठली दाढ?"

दाताच्या दवाखान्याची रांग! अंड्यांची पलीकडच्या झाडाखाली, आणि ती केव्हाच संपलेली. मिर्तापुढे काय, दाढ घेऊन जाऊ? एवढ्यात मागून आवाज, "शेफटचं कोन?" बघतो तर एक बाप्या, गाल सुजून भोपळा, आणि हातात अंड्यांचा अख्खा ट्रे! पलीकडच्या रांगेतला शेवटचा ट्रे यालाच मिळालेला. म्हटलं, "शेवटचं राहू दे बाबा, पहिलं कोण ते विचार."

अर्धा ट्रे माझा, नंबर त्याचा. तो रडत आत गेला, मी जवळजवळ रडतच घरी.

फ्लान असा झाला म्हणता... नात नाचली, मिर्ता चक्क हसली, आणि मी सुटलो हो, इतका सुटलो की आनंदाच्या भरात एकट्याने चार वाट्या चापल्या, साखरेच्या पाकासकट!

...आणि सकाळपासून ही डावी दाढ. म्हणून तर बसलोय इथे. काय म्हणालात ताई? शेवटचं कोण?

मीच. पण आधी नीट विचारून घ्या, ही रांग अंड्यांची नाही.