एका कार्डावर दोघी

शिवणकामवाली कापडाचं गाठोडं घेऊन बसच्या पहिल्याच सीटवर बसली होती. समोर दारात डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक सासू आणि तिचा हात धरलेली सून अडून उभ्या होत्या. बसभाड्याच्या कार्डाच्या मशीनवर लाल दिवा लागला होता.

“एका कार्डावर एकच माणूस, ताई. एकीनं उतरा,” ड्रायव्हर म्हणाला.

“मग रोख घ्या ना,” सून म्हणाली.

“रोख बंद झाली. दुसरं कार्ड काढा.”

“घरात एकच आहे हो. कधी मी नेते, कधी सासूबाई. दोघींनी मिळून बाहेर पडायची वेळच आली नाही.”

“आली नाही कशी? तूच येऊ दिली नाहीस,” सासू म्हणाली.

“आई, आता नको ना.”

“बरं, राहिलं. अरे ड्रायव्हर, दहाला माझी पट्टी काढायचीय. नंतर डॉक्टर थांबत नाहीत.”

“मग तुम्ही बसा, आजी. सूनबाई मागच्या बसनं येतील.”

“आणि मला उतरवून कोण नेणार? तू?”

“रोख बंद होणार म्हणून आठ दिवस मोबाइलवर सूचना येत होती.”

“ती डोळ्यांनीच वाचतात ना? तेच उघडायला चाललेय.”

“मी बस हलवणार नाही हं.”

“नको हलवूस. मीही हलत नाही. सूनबाई, हात सोडू नकोस.”

“सोडते कशाला!”

शिवणकामवालीनं गाठोडं उचलून पायाशी ठेवलं. “या, इथे बसा दोघी.”

ड्रायव्हरनं घड्याळ पाहिलं आणि दार लावलं. “आजच्या दिवस, आजी. फक्त जाताना.”

“येतानाही आम्ही दोघीच असणार,” सासू म्हणाली. “आत्ताच सांगून ठेवते.”