दीड मिलिमीटरबाबत पुरवणी जबाब

जबाब देणार : छापखान्यात ज्यांना ‘मास्तर’ म्हणतात ते, वय ५४ वर्षे, धंदा मशीन चालवणे, राहणार दूध केंद्राच्या वरचा मजला, मागची खोली.

मी कोणी न बोलावता ठाण्यात समक्ष हजर होऊन लिहून देतो की, वरील ठिकाणी मी बायकोसह राहतो. बावीस वर्षे एकाच छापखान्यात कामाला आहे. आमच्याकडे रुंद मशीनवर स्टिकर छापले जातात आणि त्याच मशीनवर कापलेही जातात. मशीन आधी चित्र छापते, मग रोल मागे घेऊन चित्राच्या कडेने ब्लेड फिरवते. दोन्हींचा मेळ नसेल तर काप सरकतो. मेळ बसवणे हे माझे काम. ते मी इतरांना शिकवलेले आहे.

मंगळवारच्या माझ्या जबाबाने जिच्यावरचा संशय पक्का झाला, ती आमच्याकडे सहा वर्षे आहे. वय २६. कापलेल्या स्टिकरभोवतीचा फालतू भाग ती चिमट्याने सोलून काढते, म्हणून सगळे तिला चिमटी म्हणतात. हे नाव मीच ठेवले. मशीनही तिला मीच शिकवले.

सोमवारी जंतुनाशकाच्या बाटल्यांची लेबले कापायची होती. चिमटी रजेवर होती, तिच्या आईची तपासणी होती. सकाळी नऊच्या सुमारास मी नवे ब्लेड बसवले. ब्लेड बदलले की चाचणी घ्यावी लागते. मशीन एक फुली छापते आणि तिच्यावरच दुसरी कापते. कापलेली फुली किती आणि कुठल्या बाजूला सरकली ते पाहून पडद्यावर आकडा भरायचा. त्या दिवशी ती दीड मिलिमीटर उजवीकडे होती. वजा दीड भरायला हवे होते. मी अधिक दीड भरले. त्यामुळे चूक सुधारण्याऐवजी दुप्पट झाली. तीन मिलिमीटरने काप आत शिरला आणि ‘पोटात घेऊ नये’ ही कडेची ओळ सगळ्या लेबलांवरून कापली गेली. मी हाताने कडा चाचपल्या. गुळगुळीत लागल्या. माल पाठवला.

कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी बाटल्या बाहेर जाण्याआधीच अडवल्या. कोणाला इजा झालेली नाही. परंतु मालकांना हा मुद्दाम केलेला खोडसाळपणा वाटला व चिमटी आकडे बिघडवून रजेवर गेली असे धरून त्यांनी मंगळवारी सकाळी तक्रार दिली.

मंगळवारी दुपारी तीन वाजता मला येथे बोलावले. चिमटी अकरापासून बाहेरच्या बाकावर बसलेली होती. मला पाहून ती उठली व म्हणाली, “मास्तर, बसा. आत वेळ लागतोय.” मी तिच्या जागेवर बसलो. नंतर मला आत घेतले.

मी असे सांगितले की, शनिवारी सकाळी मी कामावर आलो तेव्हा चिमटी मशीनच्या पडद्यावर आकडे बदलत होती आणि मला पाहून तिने पडदा बंद केला. हे मी पाहिले होते. सोमवारी मी स्वतः आकडा भरला, हे मात्र सांगितले नाही. मला कोणी ते विचारलेही नाही. बाहेर पडताना मी बाकाकडे पाहिले नाही. तिला साडेपाचनंतर सोडले असे नंतर कळले.

घरी येऊन बायकोला सांगितले. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, “अहो, ती पोर दोनदा येऊन गेली माझ्याकडे. म्हणाली, काकू, मास्तरांचे डोळे दाखवून घ्या, पण मी सांगितलं म्हणू नका. त्यांचे आकडे रोज सकाळी मी आधी येऊन बघून दुरुस्त करून ठेवते.” मी विचारले, “मग मला का नाही बोललीस?” ती म्हणाली, “बोलले होते. तुम्ही म्हणालात, चष्म्याची काच घाणेरडी आहे.” हे खरे आहे.

बुधवारी सकाळी साडेसातला मी छापखान्यात जाऊन भिंग लावून पुन्हा चाचणी घेतली. पडद्यावर सोमवारचा माझा अधिक दीड तसाच होता व कापलेली फुली तीन मिलिमीटर सरकलेली होती. तेथून चिमटीच्या घरी गेलो. दार तिच्या आईने उघडले. त्या मला आत या म्हणाल्या नाहीत. चिमटी बाहेर आली.

मी म्हटले, “तू ठाण्यात साडेसहा तास बसलीस. एवढं तरी सांगायचं होतंस.”

ती म्हणाली, “काय सांगणार? मास्तरांना दिसत नाही, असं? मालकांनी दुसऱ्या दिवशी तुम्हाला घरी बसवलं असतं.”

मी म्हटले, “आणि तुला बसवलं ते?”

ती म्हणाली, “मला वाटलं, तुम्ही सांगाल.”

मी माफी मागितली. शेजारचे दार उघडे होते व तेथे दोन बाया उभ्या होत्या. चिमटी आत गेली. मी जिना उतरून खाली आलो.

मालकांना मी सर्व सांगितले. ते म्हणाले, “मास्तर, प्रकरण मिटत आलंय. ती तशीही परत येत नाही म्हणते. आता कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय?” मी मशीनची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तो दीड वर्षापासून असावा असे ते म्हणाले. मला त्याची कल्पना होती.

चिमटीविरुद्ध माझी काही तक्रार नाही व कधीही नव्हती. तिला घरून बोलावून आणले ते गल्लीतल्या सर्वांनी पाहिले. तिचा काही दोष नाही हे सांगायला ठाण्यातून माणूस त्याच गल्लीत, दिवसाउजेडी जावा, अशी विनंती आहे. सोबत मीही जायला तयार आहे.

मंगळवारच्या जबाबाखाली ‘स्वतः वाचून पाहिला’ असे लिहिले आहे. तो कागद मी हातात धरून त्यावर नजर फिरवली होती, अक्षर लागले नव्हते. आजचा जबाब मला वाचता येत नसल्याने हवालदारांनी दोनदा सावकाश वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. सही कुठे करायची ते त्यांनी बोट ठेवून दाखवले, तेथे केली.