मांजराची जांभई

"कुणाला खरं वाटणार नाही बाई, पण आमच्या हिला मांजराची जांभईसुद्धा ऐकू येते!"

दुरुस्तीच्या दुकानात इस्त्री घेऊन आलेल्या शिंपीणबाईंनी बोलणाऱ्या आजोबांच्या पलीकडे पाहिलं. आजी कानांवर जुने हेडफोन चढवून भिंतीकडे बघत बसल्या होत्या.

"मघाशी मी हाक मारली, ती तर नाही ऐकू आली त्यांना."

"नुसत्या कानांनी नाहीच येत. हा माईक, हे कॉम्प्युटरला लावलेलं आवाजाचं कार्ड, ते हेडफोन. सगळी जोडणी माझी!"

"मग दुकानात कशाला आलात?"

"आवाज फार झाला हो. शेजाऱ्यांची भांडणं ऐकून हिची झोप उडाली. जरा कमी करायचाय."

"आजोबा," काउंटरमागून कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बघत कारागीर म्हणाला, "माईक आणि हेडफोन दोन्ही या कार्डाला जोडलेत खरे. पण माईकचा आवाज कार्डात शिरतोय, तो पुढे हेडफोनकडे कुणी सोडलेलाच नाही. आजींना यातून काहीच ऐकू येत नसणार."

"मुद्दामच! कानांना विश्रांती नको?"

"आता सोडलाय. बोला माईकमध्ये."

आजोबांनी माईक तोंडाशी धरला आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "ऐकू येईल ना रे हिला? कधीपासून आमचं धड बोलणं नाही."

आजी भिंतीकडेच बघत होत्या. कारागिराने स्क्रीनवर आवाजाची पट्टी वर सरकवली.

"बोला, काहीही बोला."

"काहीही? तर बाई, तरुणपणी मी असा देखणा होतो, की लग्नाची मागणी हिनेच घातली. मीच वर्षभर नाही नाही म्हणत होतो!"

"अहो!" आजी ताडकन वळल्या. "थापा किती माराल? नाही नाही मी म्हणत होते!"