नारळ फुटला, टाळ्या वाजल्या

आजचे अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे मालक आदरणीय धनसिंगनाना, व्यासपीठावर विराजमान मॅनेजर लीलाधर भंगाळे साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते मेंटेनन्सचे यादवराव तायडे साहेब, पुढच्या रांगेतल्या त्यांच्या पत्नी प्रमिलावहिनी, आणि माझ्या कामगार भावाबहिणींनो! मी सुपडू महाजन, मिलिंग मशीनचा ऑपरेटर. मला सांगितलंय, पाच मिनिटं बोल आणि गोड बोल. पाच मिनिटांचं बघतो.

यादवराव स्वेच्छेनं निवृत्त होताहेत, असं निमंत्रणात छापलंय. स्वेच्छा! अहो, मानगूट धरून बाहेर काढलेल्या माणसाची कसली आलीय स्वेच्छा? बसा बसा, भंगाळे साहेब. अजून तुमचं नाव निघालेलं नाही.

आपलं मशीन जर्मन, जुनं. लोखंड ठणठणीत, पण मोटरी आणि त्यांना चालवणारे ड्राइव्ह मेलेले. म्हणून ठरलं, सांगाडा तोच ठेवायचा आणि सर्वो मोटरी, ड्राइव्ह नवे बसवायचे. निवड यादवरावांची. कापायचं टूल धरणारं तीन क्विंटलचं हेड वरखाली करणाऱ्या मोटरीला त्यांनी ब्रेक मागितला होता. का? वीज गेली की मोटरीतला जोर जातो. मग हेड धरायचं कोणी? पण ब्रेकवाली यायला दोन महिने, आणि बिनब्रेकची पुण्यात तयार. भंगाळे साहेब म्हणाले, "जोर तोच, माप तेच, ब्रेक कशाला? ही काय उतारावरची बैलगाडी आहे?" आली बिनब्रेकची.

यंदाच्या खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. हळदकुंकू लावलेला नारळ हेडखाली टेबलावर ठेवला. नानांनी बटण दाबलं, मशीन गुरगुरलं, आणि तेवढ्यात वीज गेली. धाडकन हेड खाली! नारळाच्या ठिकऱ्या, पाणी भटजींच्या तोंडावर. आणि आपण काय केलं, मंडळी? टाळ्या वाजवल्या! नाना म्हणाले, "अरे, देवानंच नारळ फोडला! यश येणार." खोबरं वाटलं, आपण मिटक्या मारत खाल्लं.

यादवराव तेवढे टेबलापाशी उभे होते. करवंटीचा चुरा मुठीत घेऊन म्हणाले, "नाना, टूल बदलताना सुपडूचा हात इथंच असतो."

माझ्या तोंडातलं खोबरं तोंडातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी भंगाळे साहेबांनी मला फर्मावलं, चालव मशीन. मी म्हणालो, हात जाईल. म्हणाले, "सांभाळून चालव. वीज जाताना पटकन हात काढ." वीज काय सांगून जाते? पारोळ्याच्या एस्टीसारखी भोंगा वाजवते? माझं टाळकंच सरकलं. "मना हात मालेच लागतस!" असा ओरडलो की बाहेरचा पहारेकरी धावत आला.

पण माझ्याआधी यादवराव पुढं झाले. ज्या माणसानं कधी कोणाला अरे म्हटलं नाही, त्यानं भंगाळे साहेबांचं मनगट धरलं, पिरगाळलं आणि हात हेडखाली टेबलावर दाबून धरला. "सुपडू, मेन स्विचपाशी जा. साहेब आता पटकन हात काढून दाखवतील." साहेब किंचाळले, लाथा झाडल्या, यादवरावांच्या दंडाला चावले. रक्त आलं, पण पकड सुटेना. मी मेनच्या दांड्याला हात घातला होता. देवाशपथ सांगतो, ओढला असता!

मग यादवरावांनी स्वतःच त्यांचा हात बाहेर खेचून सोडून दिला. झटापटीत साहेबांचं घड्याळ टेबलावरच निसटलं होतं. "आता ओढ," यादवराव म्हणाले. ओढला. त्या घड्याळाचा पापड झाला. साहेब आज नवीन घालून आलेत, छान आहे.

वरिष्ठावर हात उगारला म्हणून ही शाल आणि हे श्रीफळ. ठीक आहे. माणसाचा हात धरला, हा गुन्हा. माणसाचा हात तोडणार होते, ते व्यासपीठावर! आणि आजही कारखान्यात फळ्यावर लिहिलंय, उद्या सकाळी मशीन चालू, ऑपरेटर सुपडू महाजन. ब्रेक मागाहून.

नाना, तुम्ही माझ्या बापाच्या ठिकाणी आहात, म्हणून सगळ्यांदेखत सांगतो. मोटर किती फिरली ते ड्राइव्हला कळवणारी एक केबल असते. ती नसली की ड्राइव्ह हलत नाही, आणि ती आपल्या जळगावात मिळत नाही. इथं येताना मी ती काढून आणली. आत्ता यादवरावांच्या खांद्यावर घातली ना, त्या शालीच्या घडीत आहे. नाही म्हणू नका, यादवराव. वहिनी, घट्ट धरून ठेवा ती शाल. ब्रेकवाली मोटर आली की नानांनी स्वतः तुमच्या दारी यावं, मानानं घेऊन जावं आणि मगच मशीन चालू करावं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल तर हे बघा, दोन्ही हात जोडून माफी मागतो. अजून दोन आहेत, म्हणून जोडता येतात.